बिडाच्या शेगडीची नक्षी वाळूतून निघेल अशी कशी काढायची

पाचगणीला मामांचं जुनं घर आहे, तिथल्या हॉलसाठी बिडाची (कास्ट आयर्नची) बंद शेगडी करायची ठरली, म्हणजे आत लाकूड जळतं, समोर दार, वर धुराडं, आणि खोली गरम होते ती. नक्षी मी करतो म्हटलं, कारण ड्रॉइंग बरं आहे आणि राहतो सांगलीत, ओतकामाची ओळखही आहे. तीन आठवडे खपून सागवानात कमळाचा पॅनेल कोरला, एकदम भारी, पाकळ्या अशा वर उचललेल्या, खालनं पोकळ. तो घेऊन फाउंड्रीत गेलो तर तिथल्या मोल्डिंगवाल्या मिस्त्रींनी बघितला, पाकळीच्या खाली अंगठ्याचं नख घातलं आणि म्हणाले, "पावणं, ह्ये वाळूत जाईल, पर भाईर येनार न्हाई." मी हट्टाने एक साचा भरायला लावलाच, आणि पॅटर्न (म्हणजे ज्याचा वाळूत ठसा घेतात तो लाकडी नमुना) उचलताना अर्धी वाळू पाकळ्यांना धरून वर आली. तिथून पुढे जे शिकलो ते लिहितोय, कुणाला बिडाची शेगडी, ग्रिल, बाकाचे पाय असलं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे प्रोसेस डोक्यात ठेवा. लाकडी पॅटर्न ओल्या वाळूत दाबायचा, वाळू ठोकून घट्ट करायची, पॅटर्न सरळ वर उचलायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. सगळी भानगड त्या "सरळ वर उचलायचा" मधे आहे. उचलताना जिथं जिथं लाकूड वाळूला घासेल किंवा अडकेल तिथं साचा मोडणार. म्हणून नक्षीच्या प्रत्येक कडेला उतार पाहिजे, त्याला ड्राफ्ट म्हणतात, मी आता ३ अंशांच्या खाली जात नाही आणि बारीक कामाला ५ देतो. घाबरू नका, ४ मिमी उंच कळीला ५ अंश दिले तरी बाजू जेमतेम ०.३५ मिमी तिरकी होते, डोळ्याला कळतपण नाही. चेक करायची सोपी पद्धत सांगतो, पॅटर्न टेबलावर ठेवून एकेका भागाच्या बरोबर वरनं मोबाइलने फोटो काढा, जी भिंत फोटोत दिसत नाही तिथं उतार उलटा आहे नाहीतर अजिबात नाही.

दुसरं, नक्षी उठावाची करा, खोदलेली नको. उठाव म्हणजे साच्यात खड्डा, तो वाळूत छान राहतो. पण पॅटर्नवर बारीक रेघ खोदली की साच्यात तेवढीच बारीक वाळूची भिंत उभी राहते, आणि बीड आत धावत आलं की ती वाहून जाते, मग रेघेच्या जागी गाठ आणि वाळू दुसरीकडे कुठेतरी भोक पाडते. कोपरे पण धारदार ठेवू नका, आतल्या कोपऱ्यात मेण नाहीतर लांबी (पुट्टी) भरून गोलाई द्या. हे फक्त दिसायला नाही, बीड ठिसूळ असतं आणि थंड होताना धारदार कोपऱ्यातच तडकतं.

बीड थंड होताना आकसतं, साधारण १ टक्का. ६०० मिमीचा पॅनेल हवा असेल तर पॅटर्न ६०६ चा करा. कुणाकडे जुन्या शेगडीची प्लेट असते आणि तीच पॅटर्न म्हणून वापरायची आयडिया येते, चालतं, पण ६०० ची नक्कल ५९४ ची होऊन येते आणि मग शेजारच्या प्लेटला बसत नाही. जाडी सगळीकडे सारखी पाहिजे, आम्ही ६ मिमी ठेवली. कमळाचं मधलं बोंड उंच होतं तर मागनं तेवढंच पोकळ करून घेतलं, नाहीतर जाड जागा उशिरा गार होते आणि तिथं खड्डा पडतो. आणि मिस्त्रींना सांगून नक्षीची बाजू खालच्या पेटीत ठेवायला लावा (वाळूचा साचा वर-खाली दोन पेट्यांत असतो). मळी आणि वायू वर जातात, ते प्लेटच्या पाठीवर गेलेले परवडले.

आता नक्षी मुळात कशाला, साधी प्लेट का नाही, असं मामांनीच विचारलं होतं. मोठी सपाट प्लेट जरा जरी वाकडी झाली तरी उजेडात लगेच दिसते, नक्षीत लपून जाते, शिवाय चौकटीच्या उठावाने प्लेट ताठ राहते आणि हवेला लागणारा पृष्ठभाग थोडा वाढतो. युरोपातले जुने कारागीर १६व्या शतकात कोरलेल्या फळ्या उघड्या वाळूत दाबून शेगडीच्या प्लेटा ओतायचे, त्यावर बायबलमधले प्रसंग असायचे, घरात भिंतीवर चित्र लावल्यासारखंच. पुढे १९व्या शतकात अमेरिकेत ट्रॉय आणि आल्बनीच्या शेगड्या म्हणजे नुसती वेलबुट्टी, कमानी, कळस. तिकडे १८४२ मधे डिझाइनच्या पेटंटचा कायदा आला तेव्हा ते पेटंट घ्यायला शेगडीवाल्यांची चांगलीच गर्दी होती, कारण आतलं यंत्र सगळ्यांचं जवळपास सारखंच, माल विकला जायचा तो दिसण्यावर.

आपल्याला तिकडची वेलबुट्टी कॉपी करायची काही गरज नाही. मी मेणवलीच्या वाड्यात जाऊन वहीत रेखाटलं, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, महिरप, केळफूल. यातली महिरप शेगडीच्या दाराला अशी फिट बसते की विचारू नका, आणि सुरूचा खांब दोन प्लेटांचा सांधा झाकतो. पण लाकडातलं जसंच्या तसं बिडात येत नाही हां. सुतार पटाशीने खाली जाऊन पोकळ करतो, वाळूला ते जमत नाही, त्यामुळे केळफुलाच्या पाकळ्या एकमेकीवर चढवायच्या ऐवजी शेजारी शेजारी पसरल्या, थोडं सपाट वाटतं पण काळ्या बिडावर सावली पडली की चालून जातं.

सांध्याचं अजून एक. बीड तापलं की वाढतं, ६०० मिमीची प्लेट ३०० अंशांनी तापली तर जवळपास २ मिमी. म्हणून प्लेटा घट्ट आवळायच्या नाहीत, खाचेत सैल बसवायच्या आणि फट अग्निरोधक दोरीने भरायची. दाराला जाळी करत असाल तर भोक प्लेटच्या जाडीपेक्षा लहान नको, मागे अभ्रकाचा पत्रा लावला की ज्वाळा दिसते. आणि महाबळेश्वर-पाचगणीचा पाऊस लक्षात घ्या, वर तोंड करून असलेली प्रत्येक वाटी, खोबण म्हणजे गंजाचं घर. मी कमळ उभं होतं ते खाली झुकवलं फक्त एवढ्यासाठी. ऑइल पेंट अजिबात नको, नक्षी बुजते आणि पहिल्याच जाळात वास सुटतो, ग्राफाइटचं पॉलिश कापडाने घासा. पहिले तीन जाळ बारीक करा. धुराडं नीट बाहेर काढल्याशिवाय मात्र एकही नको, बंद खोलीतला कार्बन मोनॉक्साइड कळतपण नाही आणि माणूस जातो.

डिझाइन विकायचं असेल तर आपल्याकडे २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येतं, आधी १० वर्षं आणि वाढवून अजून ५, पण अर्ज करायच्या आधी फोटो ग्रुपवर टाकलात तर नावीन्य गेलं.

शेवटी अक्षरं. मामांना दारावर "श्री" पाहिजे होतं आणि मी शहाण्यासारखं आरशातलं उलटं कोरलं, शिक्क्यासारखं. अहो पॅटर्न उलटा नसतो, साचा उलटा असतो, पॅटर्नवर जे सरळ तेच बिडात सरळ. परत कोरलं तर श्री च्या गाठीतली वाळूची टिकली तुटून सगळं भरून आलं. तिसऱ्यांदा गाठ दुप्पट मोठी आणि उतरती केली तेव्हा कुठे नीट आलं, आता अक्षर थोडं मुलांच्या पाटीवरचं दिसतं, मामी म्हणते तेच छान आहे.