पॅनेलमागचा माणूस: थीम पार्कमध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

पार्कचे दरवाजे साडेदहाला उघडत असले, तरी आमची बस सातच्या आधीच मागच्या फाटकातून आत शिरत असे. एका पार्कमध्ये रोलर कोस्टरच्या पॅनेलवर, म्हणजे गाडी सोडण्या-थांबवण्याच्या बटणांच्या फलकावर, मी साडेतीन वर्षे काम केले. त्या काळात माझ्यासोबत शिकून तयार झालेल्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात पडणारे प्रश्न बहुतेक सारखेच असत आणि त्यांची उत्तरे मुलाखतीच्या वेळी कोणी देत नसे, म्हणून हे लिहीत आहे. गोराईचे एस्सेल वर्ल्ड 1989 मध्ये सुरू झाले आणि खोपोलीजवळचे इमॅजिका 2013 मध्ये. म्हणजे हे काम आपल्याकडे एका पिढीहून अधिक काळ चालू आहे. तरीही घरच्यांच्या मनात ते अजून जत्रेतल्या पाळण्यापाशीच थांबलेले असते. पहिले काही महिने हे ऐकून घेण्याची तयारी ठेवावी.

आम्ही पोहोचायच्या आत मेंटेनन्सची माणसे पहाटेपासून रुळांच्या कडेने फिरून आलेली असत. कोस्टरच्या डब्याला चाकांचे तीन संच असतात, हे मला तिथे गेल्यावर कळले. वरची चाके वजन पेलतात, बाजूची चाके वळणावर गाडी सावरतात आणि रुळाच्या खालून धावणारी चाके उसळीच्या जागी गाडीला वर उचलली जाऊ देत नाहीत. ही चाके आणि त्यांचे बोल्ट तपासून फिटर व इलेक्ट्रिशियन यांनी चेकलिस्टवर सही केल्याशिवाय आम्ही पॅनेलची किल्ली ताब्यात घेत नसू. त्यानंतर गाडी रिकामी सोडायची, एकदा नाही, अनेकदा, आणि प्रत्येक फेरीत कान उघडे ठेवून उभे राहायचे. चढणीवर जो टक टक असा आवाज येतो, तो साखळीचा असल्याचे बहुतेकांना वाटते. खरे तर गाडीखालची लोखंडी जीभ रुळामधल्या दात्यांवरून एकेक करत सरकत असते, आणि साखळी तुटलीच तर तीच जीभ गाडीला मागे घसरू देत नाही. या आवाजाची लय एकदा कानात बसली की तिच्यातला बारीकसा फरकही खटकतो. असा फरक जाणवला, तर तो मनाचा भास समजून सोडून न देता लगेच वॉकी-टॉकीवर कळवावा. मेंटेनन्सच्या लोकांनी त्याबद्दल कधी कोणाला हिणवलेले मी पाहिले नाही.

नव्या ऑपरेटरच्या पोटात गोळा येतो तो गाडी मध्येच थांबली की. कोस्टरचा मार्ग टप्प्याटप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी राहू शकते. पुढचा टप्पा मोकळा झाल्याचे सेन्सरने सांगितले नाही, तर मागच्या गाडीला ब्रेक लागतात किंवा ती चढणीवरच थांबते. म्हणजे स्टेशनात, जिथे माणसे गाडीत चढतात-उतरतात तिथे, एखाद्या गृहस्थाने चष्मा शोधण्यात अर्धा मिनिट जास्त घेतला, तरी वरची गाडी थांबू शकते. यंत्रणेने आपले काम चोख केलेले असते, परंतु वर बसलेल्या वीस-बावीस जणांना ते ठाऊक नसते. त्यामुळे पहिल्या काही सेकंदांतच स्पीकरवरून शांत आवाजात, मराठी व हिंदी दोन्हीत, गाडी का थांबली आहे आणि सर्वांनी बसूनच राहायचे आहे, हे सांगावे लागते. हे वाक्य पाठ करून ठेवावे, कारण त्या क्षणी नवे शब्द सुचत नाहीत.

आता लॅप बारविषयी, म्हणजे मांडीवर येऊन बसणाऱ्या दांडीविषयी. प्रत्येक सीटचा बार खाली आल्यावर तो हाताने वर ओढून पाहायचा, पट्टा खेचून पाहायचा, सीटची ओळ पूर्ण झाली की अंगठा वर करायचा. दोन्ही बाजूंच्या अटेंडंटनी बटण दाबून धरल्याशिवाय पॅनेलवरून गाडी सुटत नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, रांग दीड तासाची झालेली असताना, अटेंडंटच्या जागी उभा असलेल्या मी शेवटच्या दोन सीट नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या आणि अंगठा वर केला. समोरच्या बाजूच्या मुलीने बटणावरचे बोट उचलले आणि काही न बोलता माझ्या बाजूच्या शेवटच्या सीटकडे दाखवले. बार लागलेला होता, पण पट्ट्याचे बक्कल उघडेच होते आणि तो मांडीवरून खाली लोंबत होता. बार असल्यामुळे अनर्थ झाला नसता, असे नंतर सांगण्यात आले. तरीही सुपरवायझरांनी मला त्याच क्षणी तिथून बाजूला केले आणि दोन आठवडे पुन्हा प्रशिक्षणावर ठेवले. ते योग्यच होते. चारशेव्या वेळी ओढलेला बार पहिल्या वेळेइतक्याच जोराने ओढणे हाच या नोकरीतला सर्वांत अवघड भाग आहे, आणि म्हणूनच चांगल्या पार्कमध्ये दर तासा-अर्ध्या तासाने जागा बदलून देतात. कंटाळा आला नसला तरी जागा बदलावी.

उंची मोजण्याच्या पट्टीपाशी उभे राहणे पुष्कळांना हलके काम वाटते. आमच्या मोठ्या कोस्टरला 140 सेंटिमीटरची अट होती. अंगापेक्षा मोठ्या सीटमध्ये बसलेले लहान शरीर उसळीच्या वेळी बारखालून सरकू शकते, म्हणून ही अट असते. मूल किती धीट आहे याचा तिच्याशी संबंध नाही. वाढदिवसाला आलेला मुलगा दोन बोटांनी कमी भरतो, वडील आवाज चढवतात, आजी विनवतात. अशा वेळी आम्ही गुडघ्यावर बसून आधी मुलाशी बोलत असू आणि त्याला कोणत्या तीन राईड करता येतील ते नावानिशी सांगत असू. मूल निघाले की मोठी माणसेही निघतात.

बाकीच्या विभागांबद्दल थोडक्यात सांगतो. वॉटर पार्कच्या जीवरक्षकांना दहा-वीसचा नियम शिकवतात: पाण्याचा आपल्या वाट्याचा भाग दहा सेकंदांत नजरेखालून घालायचा आणि अडचणीतल्या माणसापर्यंत वीस सेकंदांत पोहोचायचे. मुखवटा घालून वावरणाऱ्या कलाकारांना उन्हाळ्यात एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. त्यांच्या सोबतचा अटेंडंट हेच त्यांचे डोळे असतात, कारण मुखवट्यातून पायाशी उभे असलेले मूल दिसत नाही. मुखवटा उतरवायचा तो पाहुण्यांच्या नजरेआड, भिंतीपलीकडे गेल्यावरच. फ्लोरिडात 1971 मध्ये सुरू झालेल्या मॅजिक किंग्डमने तर यासाठी पार्कच वरच्या मजल्यावर बांधला आणि कर्मचाऱ्यांचे बोगदे त्याच्या खाली ठेवले. तिथे जमिनीत पाणी वरच लागत असल्याने हे बोगदे खोदलेले नसून जमिनीच्या पातळीवर बांधून वरून मातीने झाकलेले आहेत. आमच्याकडे त्या जागी पत्र्याच्या कुंपणामागचा साधा रस्ता होता, पण त्या रस्त्यावर पाऊल पडताच खांदे सैल सोडता येत, आणि दिवसभर हसतमुख राहणाऱ्या माणसाला त्याची फार गरज असते.

मेंटेनन्समध्ये जायचे असेल, तर फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय उपयोगी पडतो. ऑपरेशन्ससाठी बारावीनंतरही घेतात, मात्र शनिवार-रविवार, दिवाळी आणि मे महिना सुट्टी मिळणार नाही हे घरी आधीच सांगून ठेवावे. मुलाखतीत पगाराबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. एकट्याला पॅनेलवर बसवण्याआधी किती दिवस शिकवतात आणि कोणाची सही लागते; वीज कडाडू लागल्यावर राईड बंद करण्याचा अधिकार ऑपरेटरला आहे की वरून परवानगी घ्यावी लागते; आणि चढणीवरून माणसे पायऱ्यांनी उतरवण्याचा सराव शेवटचा कधी झाला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तारखेसह मिळाले, तर त्या पार्कमध्ये निर्धास्तपणे रुजू व्हावे.