इलेक्ट्रॉनचा ठावठिकाणा: उपग्रहाच्या नोंदी वाचताना

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करताना मी प्रकल्पासाठी 'फास्ट' या उपग्रहाच्या इलेक्ट्रॉन-नोंदी घेतल्या. 'नासा'ने 1996 साली सोडलेला हा उपग्रह सुमारे 350 ते 4,000 किलोमीटर उंचीवरून फिरत असे आणि त्याच्या नोंदी आजही कोणालाही विनामूल्य मिळतात. या विषयाकडे वळणाऱ्यांनी इलेक्ट्रॉन मोजण्याआधी तो कुठून आला हे ओळखायला शिकावे, असे मला मनापासून वाटते.

मी ते शिकले नव्हते. आलेखाच्या तळाशी, सर्वांत कमी ऊर्जेच्या पट्ट्यात दाट गर्दी दिसली आणि ती उन्हाने वातावरणात सुट्या होऊन वर निसटलेल्या इलेक्ट्रॉनांची समजून मी तीन आठवडे हिशेब केले. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारले, "इथे खाली रात्र आहे. मग हे इलेक्ट्रॉन सुटे केले कुणी?" ती गर्दी सर्व दिशांनी सारखीच येत होती. उंचावरचा उपग्रह उन्हात होता. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याच्याच पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उडत होते आणि धनभारित झालेला उपग्रह त्यांना परत ओढून घेत होता.

वातावरणातल्या इलेक्ट्रॉनांची खूण वेगळी असते. सूर्यातील हेलियमच्या 30.4 नॅनोमीटर प्रकाशाच्या एका कणात 40.8 इलेक्ट्रॉनव्होल्ट (अशा सूक्ष्म ऊर्जेचे एकक) ऊर्जा असते, त्यातली 13.6 ऑक्सिजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटा करण्यात खर्ची पडली की सुटलेल्या इलेक्ट्रॉनकडे 27.2 उरते, नायट्रोजनच्या रेणूपासून सुटलेल्याकडे त्याहून थोडी कमी. त्यामुळे 22 ते 27 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान लहान शिखरांची रांग उमटते. फास्टच्या उपकरणात ती एकमेकांत मिसळून एकच उंचवटा दिसतो, पण सुमारे 60 इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी संख्या एकदम घसरते ती जागा मात्र ठळक असते. उपग्रहावर पाच व्होल्ट धनभार असेल तर या दोन्ही खुणा पाचाने वर सरकतात, म्हणजे सरकलेले अंतर मोजले की उपग्रहाचा भार कळतो. मे 2022 मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरून सोडलेल्या 'एन्ड्युरन्स' अग्निबाणाने याच शिखरांच्या सूक्ष्म सरकण्यावरून वातावरणाच्या खालच्या आणि वरच्या थरांमधला अवघ्या 0.55 व्होल्टचा फरक मोजला, हे वाचून मी थक्क झाले होते.

इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांना धरूनच प्रवास करतात. कोल्हापूर चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने आपल्या डोक्यावरच्या बलरेषा जवळजवळ आडव्या आहेत आणि काही शे किलोमीटर चढून त्या दक्षिणेकडे उतरतात. म्हणून दूर अवकाशात जाणारे इलेक्ट्रॉन पाहायचे तर मध्यम आणि उच्च अक्षांशांवरच्या नोंदी निवडाव्यात. भार वजा करून मी दुसऱ्यांदा बसले, तेव्हा वर जाणारे आणि बलरेषेवरून खाली येणारे इलेक्ट्रॉन वेगळे काढता आले. खाली येणाऱ्यांतले काही तर दुसऱ्या गोलार्धातल्या दिवसाकडून आलेले होते.