व्हॉइस गेटवेवर फॅक्स ओळखताना या चुका टाळा

ऑफिसचा मुख्य नंबर एकच. त्यावर माणसांचे कॉल येतात आणि फॅक्सही. गेटवेने, म्हणजे फोनची लाइन आणि इंटरनेटवरचे कॉल जोडणाऱ्या यंत्राने, फॅक्स ओळखून मशीनकडे पाठवायचा आणि बाकीचे कॉल रिसेप्शनला द्यायचे. जालन्याचा स्टील कारखाना असो, लातूरची डाळ मिल असो की संभाजीनगरचं हॉस्पिटल, अशी मांडणी केली की तक्रार ठरलेली असते : "फॅक्स कधी लागतो, कधी लागतच नाही." मग टी.३८ च्या, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स पाठवायच्या पद्धतीच्या, सेटिंग्ज उलटसुलट करणं सुरू होतं. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, कारण दोष बहुतेकदा तिथे नसतोच.

गेटवे दोन वेगळ्या गोष्टी ओळखतो आणि त्या दोन्हींची गल्लत होते. पहिला सीएनजी. हा पाठवणाऱ्या मशीनचा ११०० हर्ट्झचा टोन, अर्धा सेकंद वाजतो आणि मग तीन सेकंद गप्प. कॉल कुठे वळवायचा ते यावर ठरतं. दुसरा प्रकार घेणाऱ्या मशीनकडून येतो : उचलल्यावर २१०० हर्ट्झचा सीईडी, त्यामागून ३०० बीपीएसचा (बिट प्रति सेकंद) व्ही.२१ सिग्नल. आवाजाचा मोड सोडून टी.३८ वर जायचं ते यावर ठरतं. म्हणून आधी कॉल लॉग उघडा आणि कॉल कुठपर्यंत पोचला ते बघा. रिसेप्शनचाच फोन वाजत राहिला असेल, तर टी.३८ चा तिथे संबंध नाही. मशीनने उचलून मग कॉल तुटत असेल, तर सीएनजीच्या सेटिंगला हात लावू नका.

ऐकायला वेळच न देणं

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. कॉल आला की थेट रिंग ग्रुपला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या फोनांना, सोडलेला असतो. गेटवेने कॉल उचललाच नाही, तर समोरचा टोन त्याला बहुधा ऐकूच येत नाही. आधी उचला, मग ऐका. ऐकायचं तेही दोनच सेकंद ठेवू नका, कारण ते दोन्ही सेकंद नेमके टोनच्या गप्प वेळात जाऊ शकतात. टोनचं एक आवर्तन साडेतीन सेकंदांचं. दोन आवर्तनं सापडतील असा सात-आठ सेकंदांचा वेळ द्या आणि तेवढ्यात स्वागताचा छोटा संदेश वाजू द्या, म्हणजे माणसाला शांतता खटकत नाही.

मात्र उलट्या टोकालाही जाऊ नका. फॅक्सच्या टी.३० या नियमानुसार पाठवणारं मशीन हँडशेकसाठी, म्हणजे समोरच्या मशीनशी सूत जुळण्यासाठी, साधारण ३५ सेकंद थांबतं. वीस सेकंदांचं स्वागत आणि वर मशीनला चार रिंगनंतर उचलायला सांगितलेलं, म्हणजे आपल्याकडच्या रिंगच्या चालीने आणखी बाराएक सेकंद गेले. उरलं काय? फॅक्स मशीनला पहिल्याच रिंगला उचलायला लावा. आणि टोन ओळखणं कॉलभर चालू ठेवू नका. नाहीतर बोलता बोलता मागे कुठे शिट्टी वाजते आणि ग्राहक थेट फॅक्स मशीनच्या कानात जातो.

ॲस्टरिस्क हे फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक गोष्ट हमखास राहते. टोन सापडल्यावर कॉल त्याच कॉन्टेक्स्टमधल्या (कॉलच्या नियमांच्या गटातल्या) 'fax' नावाच्या एक्स्टेंशनवर जातो. ते एक्स्टेंशनच नसेल तर टोन सापडूनही कॉल वळत नाही.

आपल्याकडची एक सवय कॉन्फिगरेशन करणाऱ्याने लक्षात ठेवलीच पाहिजे. बरीच कार्यालयं आधी हाताने फोन लावतात आणि म्हणतात, "साहेब, फॅक्सचा टोन द्या." अशा कॉलच्या सुरुवातीला सीएनजी नसतोच, त्यामुळे गेटवे काहीही ओळखणार नाही. त्यात गेटवेचा दोष नाही. रिसेप्शनच्या माणसाला कॉल मशीनवर ट्रान्सफर करायचा अंक शिकवा आणि तो फोनवर चिकटवून ठेवा.

कोडेक आणि नंबर

एसआयपी ट्रंकवर (इंटरनेटवरून येणाऱ्या फोन लाइनवर) जी.७२९ हा आवाज दाबून पाठवणारा कोडेक चालू असेल तर टोन दबून विकृत होऊन येतो. फॅक्स येणाऱ्या नंबरला जी.७११ ए-लॉ हा कोडेक द्या, व्हीएडी (शांतता ओळखून आवाज पाठवणं थांबवणारी सोय) बंद करा.

नंबरच्या पॅटर्नमध्येही फसगत होते. संभाजीनगरचा कोड ०२४० आणि पुढे सात आकडे, लातूरचा ०२३८२ आणि पुढे सहा. संभाजीनगरसाठी लिहिलेला 'शून्य सोडून कोडचे तीन आकडे काढा' हा नियम लातूरच्या शाखेत तसाच उचलला की नंबरच्या पुढे एक २ शिल्लक राहतो आणि कॉल भलतीकडे जातो. जुळणी शून्य सोडून पूर्ण दहा आकड्यांवर करा.

अर्धं पान येतं तेव्हा

पीआरआय (ई-१ वर चालणारी डिजिटल फोन लाइन) असेल तर आधी ई-१ कंट्रोलरवर स्लिप, म्हणजे दोन टोकांचं क्लॉक न जुळल्याने होणाऱ्या चुका, वाढतायत का ते बघा. बोलण्यात स्लिप कानाला जाणवतही नाही, फॅक्सचं पान मात्र मधेच तुटतं. क्लॉक टेलिकॉम कंपनीच्या लाइनकडूनच घ्या. दोन कंपन्यांच्या दोन लाइन एकाच गेटवेत असतील तर तपासणी इथूनच सुरू करा.

मग वेग. ३३,६०० बीपीएसची नवी मशीन जुन्या टी.३८ शी जुळत नाहीत. मशीनला १४,४०० वर, गरज पडली तर ९६०० वर आणा. काही जण ईसीएम (चुकलेला भाग पुन्हा मागवणारी सोय) बंद करून मोकळे होतात, कारण मग पान 'जातं'. कृपया हे करू नका. ईसीएम नसेल तर वाटेत हरवलेल्या ओळी गुपचूप गळतात. टेंडरमधला एक आकडा किंवा रुग्णाच्या रिपोर्टमधला दशांश चिन्हाचा ठिपका गेला, तरी घेणाऱ्याला कळतही नाही. उशिरा आलेलं पान परवडतं, चुकीचं नाही.

ॲनालॉग लाइनवर घरघर असेल तर अर्थिंग तपासा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घाला आणि पुन्हा मोजा.

आणखी एक, हे फार घडतं : सगळं नीट चालतं, रात्री लाइट जाते, सकाळी गेटवे जुन्याच कॉन्फिगरेशनवर उठतो. बदल सेव्ह केलेलाच नसतो. काम संपलं की सेव्ह करा, गेटवे स्वतः एकदा बंद-चालू करा आणि मगच निघा.

चाचणी कोऱ्या पानाने घेऊ नका. कोरं पान काही सेकंदांत जातं आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. आकड्यांनी गच्च भरलेले तीन-चार सातबारा उतारे घ्या आणि दुसऱ्या गावातून, दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून, भर कामाच्या वेळेत पाठवायला सांगा. मिळालेली पानं मूळ कागदांशेजारी ठेवून गट नंबर आणि क्षेत्राचे आकडे ओळीने ताडून बघा.