एकाच ट्यूनरवर रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपण: शेल स्क्रिप्टमधले बदल

डीडी फ्री डिशची छत्री (जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व) आणि लिनक्सला जोडलेला डीव्हीबी-एस२ ट्यूनर (उपग्रहाचा टीव्ही सिग्नल पकडणारं उपकरण) असला की डीव्हीबीव्ही५-झॅप (चॅनल लावणारी आणि रेकॉर्ड करणारी कमांड) वापरणारी छोटी स्क्रिप्ट बहुतेक जण लिहितातच. एक ओळ रेकॉर्डिंगची, दुसरी बघण्याची. दोन्ही एकदम चालवल्या की दुसरी ‘डिव्हाइस बिझी’ म्हणत बंद पडते, कारण एका वेळी एकच प्रोग्रॅम ट्यूनर ताब्यात घेऊ शकतो. म्हणून ट्यूनरला हात फक्त रेकॉर्डिंगने लावायचा आणि प्लेअरने वाढत जाणारी फाइल वाचायची.

रेकॉर्डिंगच्या ओळीत छोटा पी (-p) पर्याय द्या. मोठा पी (-P) दिलात तर त्या ट्रान्सपॉन्डरवरचे (उपग्रहावरचा अनेक चॅनल एकत्र पाठवणारा प्रसारक) सगळेच चॅनल फाइलमध्ये उतरतात आणि ताशी १५ जीबीच्या वर जागा जाते. टी (-t) पर्यायात सेकंद लिहायचे: तासाचे ३६०० आणि वर ३०० जादा, कारण कार्यक्रम क्वचितच वेळेवर संपतो. चॅनलचं नाव ज्या व्हेरिएबलमध्ये आहे त्याला दुहेरी अवतरण हवंच. ‘डीडी सह्याद्री’मधल्या जागेमुळे त्याचे दोन शब्द होतात आणि चॅनल सापडत नाही. फाइलच्या नावात तारीख-वेळ घाला, पण विसर्गासारखं चिन्ह (कोलन) टाळा. पेन ड्राइव्हच्या फाइल सिस्टिमला ते चालत नाही.

रेकॉर्डिंगच्या ओळीच्या शेवटी अँपरसँड (&) द्या, म्हणजे ती मागे चालत राहते, आणि लगेच पुढच्या ओळीत प्रोसेसचा क्रमांक साठवा. मग थेट प्लेअर सुरू करू नका. सिग्नल लॉक होईपर्यंत फाइल रिकामी असते. दर सेकंदाला फाइलचा आकार शून्याहून मोठा झाला का ते तपासणारं लूप लिहा, वीस फेऱ्यांची मर्यादा ठेवा, नाहीतर पावसात सिग्नल गेला की स्क्रिप्ट अडकून बसते. फाइल भरू लागली की एमपीव्ही प्लेअरला ती ‘अपेंडिंग’ (appending://) प्रोटोकॉलने उघडायला सांगा. साध्या पद्धतीने उघडली तर उघडताना जेवढी होती तेवढीच वाजून प्लेअर थांबू शकतो. टेल कमांडमधून पाइप करूनही चालतं, पण मागे जाणं नीट जमत नाही.

नुसतंच बघायचं असेल तर एक्झिटवर ट्रॅप (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी कमांड) लावून साठवलेल्या क्रमांकाची प्रोसेस थांबवा. फाइल टीएस (ट्रान्सपोर्ट स्ट्रीम) प्रकारची असल्याने मध्येच तुटली तरी वाजते.

क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) चालवताना प्लेअरचा भाग वगळा; तिथे स्क्रीन नसते. पाथ पूर्ण लिहा. तारखेची कमांड क्रॉनटॅबच्याच (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलच्या) ओळीत असेल तर प्रत्येक टक्केचिन्हाआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर ओळ तिथेच तुटते. रेकॉर्डिंगच्या वेळा एकमेकांवर येणार असतील तर एफलॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणारी कमांड) वापरा.

फॅट३२ डिस्कवर ४ जीबीला फाइल अडते. ४ एमबीपीएसच्या चॅनलला ताशी १.८ जीबी लागतात, म्हणजे तीन तासांचा चित्रपट अर्धवट राहणार. एक्स्ट४ फाइल सिस्टिम वापरा.