सरपंचबाईंचा कारभार त्यांच्याच हाती राहावा म्हणून

महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरीही कित्येक गावांत सरपंचबाईंची सही घरी जाऊन घेतली जाते आणि कारभार ‘सरपंचपती’ पाहतात. हे थांबवण्याची सुरुवात खुर्चीपासून करावी: सदस्य नसलेल्या नातेवाइकाला मासिक सभेत बसू दिले जाणार नाही, हे पहिल्याच सभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) स्पष्ट सांगावे. इतिवृत्त पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. कोऱ्या धनादेशावर तर मुळीच नाही.

नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. माझ्या मते कायद्यातली ही सर्वांत उपयोगी, पण सर्वाधिक दुर्लक्षित तरतूद आहे. तिची वेळ शेतातून परतल्यानंतरची आणि चूल पेटण्याआधीची ठेवावी (चूल बायकांनीच पेटवावी, असे सुचवायचे नाही). नळाचे पाणी, शौचालय, रस्त्यावरचे दिवे यांविषयीच्या मागण्या सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह ठराव म्हणून नोंदवून घ्याव्यात, कारण तोंडी मागणी पुढच्या सभेपर्यंत विसरली जाते, तर लेखी ठराव मुख्य ग्रामसभेत वाचून दाखवण्याचा आग्रह धरता येतो. हजेरीपटावर मात्र प्रत्येकीने स्वतःच सही किंवा अंगठा करावा.