जुनं फोल्डर कॉपी करू नका, स्वतःचं टेम्प्लेट करा

फायनल इयरला नवं प्रोजेक्ट म्हणजे मागच्या सेमिस्टरचं फोल्डर कॉपी-पेस्ट, ही नागपूरच्या कॉलेजांतली जुनी रीत. त्यासोबत गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलचा) जुना इतिहास येतो, जुन्या डेटाबेसचा पासवर्ड येतो आणि ‘आपली बस’ या शहर बससेवेच्या वेळापत्रकाच्या पानावर जुन्या प्रोजेक्टचं ‘कळमना संत्रा भाव’ असं टायटल झळकतं. मिहान या नागपूरच्या औद्योगिक भागातल्या कंपनीला गिटहबची (कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटची) लिंक पाठवली की हे सगळं उघड्यावर.

टेम्प्लेट म्हणजे प्रत्येक नव्या प्रोजेक्टची सुरुवात जिथून करायची तो कोरा सांगाडा. तो पहिल्याच प्रोजेक्टला करायला बसू नका. एकाच पद्धतीची दोन-तीन प्रोजेक्टं झाली, की त्यांतल्या न बदललेल्या फाईली तेवढ्या उचला. लॉगिन, पेमेंट, अ‍ॅडमिन पॅनल यांतलं काही त्यात घालू नका. दर वेळी ते उपटण्यातच दिवस जातो.

नोड-एक्सप्रेसचं, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या सर्व्हरचं उदाहरण घेऊ. गिटइग्नोअर (गिटने कोणत्या फाईली वगळायच्या त्याची यादी) पहिल्या कमिटच्या, म्हणजे गिटमधल्या पहिल्या नोंदीच्या आधी हवं, त्यात नोड मॉड्यूल्सचं फोल्डर आणि पासवर्ड, की असली गुपितं असलेली एन्व्ह फाईल. एन्व्ह आधीच कमिट झाली असेल, तर नंतर गिटइग्नोअरमध्ये नाव लिहून काही होत नाही. ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ लावून ती काढावी लागते, आणि तरीही इतिहासात राहतेच. म्हणून त्या फाईलमधली गुप्त ‘की’ रद्द करून नवी घ्या. टेम्प्लेटमध्ये फक्त नमुन्याची एन्व्ह ठेवा: व्हेरिएबलची नावं खरी, व्हॅल्यू खोट्या.

गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंग फाईलमध्ये ओळीचा शेवट एलएफ (लिनक्सची पद्धत; विंडोजची सीआरएलएफ) ठेवायची एक ओळ टाका. लॅबमधल्या विंडोजवर सीआरएलएफने सेव्ह झालेली शेल स्क्रिप्ट लिनक्सच्या डॉकर कंटेनरमध्ये (अ‍ॅप वेगळं चालवायच्या बंदिस्त डब्यात) गेली की चालत नाही, आणि एरर असा येतो की फाईलच सापडत नाही म्हणे! पॅकेज-लॉक फाईल (कुठल्या लायब्ररीचं नेमकं कुठलं व्हर्जन, त्याची नोंद) कमिट करा आणि रीडमी या माहितीच्या फाईलमध्ये, लायब्ररी बसवणाऱ्या एनपीएमसाठी ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ लिहा, म्हणजे सगळ्यांकडे नेमकी तीच व्हर्जन्स बसतील. नोडचं व्हर्जनही लिहून ठेवा. शिवाय सर्व्हर जिवंत आहे एवढंच सांगणारा एक राऊट (पत्ता) आणि त्याची एक टेस्ट. टेम्प्लेटला एवढा कोड पुष्कळ झाला.

खरी गडबड प्रोजेक्टच्या नावाची, जे दर वेळी बदलायचं असतं. नावाच्या जागी ‘अ‍ॅप’ किंवा ‘डेमो’ लिहिलंत, तर फाइंड-रिप्लेस करताना कोडमधले भलतेच शब्द बदलतात. दुसरीकडे कुठेच येणार नाही असा विचित्र शब्द घ्या, पण स्मॉल लेटर्समध्ये आणि स्पेस न देता, कारण एनपीएमला पॅकेजच्या नावात कॅपिटल अक्षरं चालत नाहीत. तो पॅकेज फाईल, लॉक फाईल, एचटीएमएल टायटल, डेटाबेसचं नाव आणि डॉकर कंपोज (कंटेनर चालवायची सेटिंग फाईल), इतक्या ठिकाणी बदलायचा हे रीडमीत लिहा. कंपोज फाईलमधलं प्रोजेक्टचं नाव बदलायचं राहिलं, तर दोन प्रोजेक्टं एकच व्हॉल्यूम (डॉकरची डेटा साठवायची जागा) वापरू लागतात आणि नव्या अ‍ॅपमध्ये जुना डेटा दिसतो.

गिटहबवर रिपॉझिटरीच्या (प्रोजेक्टच्या फोल्डरच्या) सेटिंग्जमध्ये ‘टेम्प्लेट रिपॉझिटरी’वर टिक करा. मग ‘यूज धिस टेम्प्लेट’ बटणाने एकाच कमिटची कोरी रिपॉझिटरी मिळते. अ‍ॅक्शन्सची (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामांची) सीक्रेट्स, म्हणजे पासवर्ड वगैरे, मात्र सोबत येत नाहीत. ती दर वेळी नव्याने भरा.

आता परीक्षा. स्वतःच्या लॅपटॉपवर नोडेमॉन (कोड बदलला की सर्व्हर पुन्हा सुरू करणारं टूल) ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टांसाठी, बसवलेलं असतं, त्यामुळे ते पॅकेज फाईलमध्ये टाकायचं राहिलंय हे कळतच नाही. मित्राच्या मशीनवर क्लोन करा (गिटहबवरून प्रत उतरवा), फक्त रीडमी वाचून चालवायला सांगा आणि मधे बोलू नका. ‘काहून चालून नाही राहिलं बे?’ असं तो जिथे विचारेल, तिथे रीडमीत एक ओळ कमी आहे. त्याच्याकडे लिनक्स असेल तर उत्तम. फाईलच्या नावातला कॅपिटल-स्मॉलचा फरक विंडोज चालवून घेतं, लिनक्स घेत नाही.

टेम्प्लेट सुधारलं तरी त्यातून आधीच काढलेल्या प्रोजेक्टांत तो बदल आपोआप जात नाही. तेही हवं असेल तर कॉपियर हे टूल बघा, त्यात अपडेटची सोय आहे. पण पाच-सहा प्रोजेक्टं होईपर्यंत बदललेली फाईल हाताने नेणंच सोपं पडतं.