यूएसबी कन्व्हर्टरमधून खरखर येतेय? नवा मागवण्याआधी या चुका टाळा

घरातल्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवायला घेतल्या आणि पहिल्याच दिवशी कानात घूंऽऽ. टेपचा आवाज यूएसबीतून संगणकात नेणारा कन्व्हर्टर खराब आहे असं ठरवून मी तो परत केला, दुसरा मागवला. त्यातूनही तीच घूं, अगदी त्याच सुरात. दोष लॅपटॉपच्या चार्जरचा निघाला. म्हणजे पहिली चूक माझीच: नीट ऐकण्याआधी खरेदी.

आपण सगळ्याला सरसकट ‘खरखर’ म्हणतो. पण घूं वेगळी, कीऽ वेगळी, तडतड वेगळी आणि फाटका आवाज वेगळा. प्रत्येकाचं मूळ दुसरीकडे असतं. म्हणून आधी हेडफोन लावून एक मिनिट नुसतं ऐका.

घूं म्हणजे आपल्या घरातली ५० हर्ट्झची वीज. ती दोन तऱ्हांनी आत शिरते. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डात आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डात, दोन्ही अर्थिंगला जोडलेले, अशी मांडणी असेल तर ऑडिओच्या वायरीतून अर्थिंगचं एक वर्तुळ तयार होतं आणि त्यात ही घूं फिरत राहते. दुसरी तऱ्हा आपल्याकडे जास्त दिसते: सॉकेटला तीन भोकं आहेत, पण तिसऱ्यामागे वायरच नाही, किंवा तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या अ‍ॅडॉप्टरवर चढवलाय. मग चार्जरमधून झिरपणारी बारीकशी वीज यूएसबीच्या वायरीवाटे टेपपर्यंत पोचते. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर बोट फिरवताना झिणझिण्या येत असतील तर हेच चाललंय.

तपासायला दहा सेकंद लागतात. चार्जर काढा. घूं गेली? मग कन्व्हर्टर निर्दोष आहे. सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. बरी बॅटरी तेवढं सहज निभावते. मी अजूनही असंच करतो: एक बाजू बॅटरीवर, मग चहा आणि चार्जिंग. डेस्कटॉपवाल्यांना ही सोय नाही. त्यांनी सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावीत आणि त्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. तरी भागलं नाही तर टेप आणि कन्व्हर्टरच्या मध्ये ते अर्थिंगचं वर्तुळ तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावता येतो. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातला असेल तर तबल्याचा डग्गा थोडा पोकळ वाटतो, एवढं लक्षात ठेवा. मात्र घूं घालवायला चार्जरची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पिन आवाजासाठी नसते, जिवासाठी असते.

कीऽ असा बारीक, रातकिड्यासारखा सूर येत असेल आणि माउस हलवला की तो बदलत असेल, तर संगणकाच्या आतल्या कामाची कुजबुज यूएसबीच्या पाच व्होल्टमधून बाहेर येतेय. इथे चूक पोर्ट निवडण्यात होते. डेस्कटॉपला पुढचा पोर्ट हाताशी असतो खरा, पण तो आत लांब वायरीने जोडलेला असतो. मागचा थेट मदरबोर्डवर. बिनवीजेच्या हबमध्ये (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत) कन्व्हर्टर आणि हार्ड डिस्क शेजारी शेजारी तर अजिबात लावू नका. यूएसबी २.० च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर मिळतात, तेवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं असतं. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब हा बरा उपाय.

तडतडीचा विजेशी बहुधा संबंध नसतो. संगणक दुसऱ्या कामात अडकला, आवाजाचा पुढचा तुकडा वेळेवर उचलला गेला नाही, की तिथे टक् होतं. लोक इथे बफर, म्हणजे आवाज क्षणभर साठवायची जागा, कमी ठेवून फसतात. सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाची मोजमापं), म्हणजे ४८,००० हर्ट्झ, असताना २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम पाच मिलिसेकंद. समोर कुणी गात असेल आणि त्याला स्वतःचा आवाज लगेच ऐकायचा असेल तर ती घाई ठीक. कॅसेटला कसली घाई? १०२४ ठेवा. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करा आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवण्याची सोय) डिसेबल करा. तरीही तडतड राहिली तर लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम चालवून बघा, कोणता ड्रायव्हर वाट अडवतोय ते कळतं. विंडोज आणि ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम) दोन्हीकडे सॅम्पल रेट एकच हवा. शिवाय आवाज कन्व्हर्टरमधून घ्यायचा आणि ऐकायचा लॅपटॉपच्या स्पीकरवर, असं करू नका. दोघांची घड्याळं वेगळी असतात, हळूहळू त्यांची फारकत होते आणि मध्येच टक् ऐकू येतं.

आवाज फक्त मोठा झाला की फाटत असेल तर जॅक बघा. बोटाएवढ्या स्वस्त डोंगलवर जी गुलाबी खाच असते ती माइकची, आणि बहुतेक वेळा मोनो. तिच्यात टेपचा लाइन आउट खुपसला की फाटणारच. लाल-पांढऱ्या जॅकचा, लाइन इन असलेला कन्व्हर्टरच हवा. इथे मात्र खरेदीला पर्याय नाही. माइक बूस्ट शून्यावर आणा, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. एकदा फाटलेला आवाज नंतर पुरता सांधता येत नाही.

उरली ती कॅसेटची स्वतःची सळसळ. टेप थांबवली की ती जात असेल तर कन्व्हर्टरला दोष देऊ नका. ती ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनने कमी होते, पण मूळ फाइल वेगळी जपून ठेवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. त्याला आधी नुसत्या सळसळीचा नमुना द्यावा लागतो; तो घ्यायचा गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या फितीचा. मी एका ख्यालाच्या कॅसेटला सुरुवातीचे पाच सेकंद शांतता समजून नमुन्याला दिले, आणि पूर्ण ख्यालातून तंबोरा पुसला गेला.